घाट उतरताना ऑटोमॅटिक फोर बाय फोर गाडीचे ब्रेक वारंवार तापतात: कारण आणि उपाय

चिखलदऱ्याहून परतवाड्याकडे उतरताना निम्मा घाटही संपलेला नसे, तोच माझ्या ऑटोमॅटिक फोर बाय फोर गाडीच्या पुढच्या चाकांतून जळका वास येऊ लागे, स्टिअरिंगला बारीक थरथर जाणवे आणि ब्रेकचे पेडल नेहमीपेक्षा खोल जाई. गाडी बाजूला घेऊन पाऊण तास सावलीत उभी केली की पेडल पुन्हा टणक लागे, आणि अमरावती ओलांडून नागपूरच्या सपाट महामार्गाला लागल्यावर ब्रेकमध्ये काही दोष होता हे खरेही वाटत नसे. दोन वर्षांत हा प्रकार तीनदा घडला, दोनदा चिखलदऱ्याहून आणि एकदा पचमढीहून मटकुलीकडे उतरताना. पहिल्या खेपेनंतर मी पुढचे ब्रेक पॅड बदलून घेतले, दुसऱ्या खेपेनंतर डिस्क लेथवर सपाट करून घेतल्या, आणि तिसऱ्या खेपेला, घरची चार माणसे गाडीत असताना, एका वळणाआधी पेडल जवळजवळ तळाला टेकले. गाडी त्या वळणावर थांबली, परंतु ती नेमकी कशामुळे थांबली हे मला त्या दिवशी सांगता आले नसते. त्यानंतर मात्र या तक्रारीचा मुळापासून शोध घ्यायचे मी ठरवले.

हीच तक्रार नागपुरातील इतर गाडीमालकांकडूनही मी ऐकतो आणि त्याचे कारण उघड आहे. आपले शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटरवर वसलेले आणि बहुतांशी सपाट आहे. येथील चालकाला रोज भेटणारा सर्वांत मोठा उतार म्हणजे उड्डाणपुलाचा. चिखलदरा, पचमढी, तामियाजवळील पातालकोट, छिंदवाड्याच्या वाटेवरील सिल्लेवानी घाट किंवा शिवनीच्या वाटेवरील कुरई घाट यांच्याशी त्याची गाठ वर्षातून दोन-चार वेळाच पडते, त्यामुळे घाट उतरण्याची सवय अंगवळणी पडत नाही. त्यातच गाडी दणकट, चारही चाकांना ओढ असलेली आणि आपोआप गिअर बदलणारी असली, की घाटाची काळजी गाडीच घेईल असा भरवसा वाटू लागतो. चढताना हा भरवसा बहुधा खरा ठरतो. उतरताना तोच घात करतो.

आधी गाडीतला दोष तपासावा

तिसऱ्या प्रसंगानंतर गाडी कामठी मार्गावरील एका लहानशा गॅरेजमध्ये नेली. तेथील वयस्क मिस्त्रींनी चाक खोलण्याआधी एकच प्रश्न विचारला: "भाऊ, घाटात थांबले तवा चारही चाकं तापले होते का एकच?" मला उत्तर देता आले नाही, कारण मी ते पाहिलेच नव्हते. वास आला की बोनेट उघडून इंजिन पाहण्याकडे आपला कल असतो, आणि ज्या गोष्टीवरून निदान होते ती नेमकी नजरेतून सुटते.

ही तपासणी कोणालाही करता येते. घाटात किंवा घाटाच्या पायथ्याशी सुरक्षित जागी थांबल्यावर तळहात प्रत्येक चाकापासून वीतभर अंतरावर धरावा. डिस्कला किंवा रिमला स्पर्श मुळीच करू नये, कारण तापलेली डिस्क क्षणात कातडी भाजते. डाव्या-उजव्या चाकांची उष्णता सारखी असेल आणि पुढची चाके मागच्यांहून अधिक तापलेली असतील, तर ब्रेकची यंत्रणा समतोल काम करीत आहे आणि उष्णता चालवण्याच्या पद्धतीतून आलेली आहे. एकच चाक इतरांपेक्षा स्पष्टपणे गरम असेल, तर त्या चाकाच्या कॅलिपरची (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाची) पिन किंवा पिस्टन अडकलेला असण्याचा संभव मोठा असतो. मग पेडलवरून पाय काढल्यावरही पॅड डिस्कला घासत राहतो आणि अशी गाडी सपाट रस्त्यावरही किंचित एका बाजूला ओढते. हा दोष असेल तर चालवण्यातील कोणतीही सुधारणा पुरेशी पडणार नाही, तो आधी दुरुस्त करावा लागतो.

माझ्या गाडीत कॅलिपर निर्दोष निघाले. दोष निघाला ब्रेक ऑइलमध्ये. ते चार वर्षांत एकदाही बदललेले नव्हते, आणि दोन वेळा कामे करून घेताना त्याची चौकशी ना मी केली, ना काम करणाऱ्यांनी. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते, आणि आपल्याकडचा पावसाळा पाहता त्याला ओलाव्याची वाण कधीच पडत नाही. डॉट ३ प्रतीच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो, पण त्यात सुमारे पावणेचार टक्के पाणी मुरले की ही किमान मर्यादा १४० अंशांवर येते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. ब्रेक तापून ऑइल उकळले की नळीत वाफेचे बुडबुडे तयार होतात. ऑइल दाबले जात नाही, वाफ दाबली जाते, त्यामुळे पायाचा जोर चाकापर्यंत पोहोचतच नाही आणि पेडल खोल जाते. गाडी थंड झाल्यावर वाफ पुन्हा द्रवात मिसळते आणि पेडल पूर्ववत लागते. माझा पाऊण तासाचा "आराम" नेमके एवढेच करीत होता. ज्यांना थांबल्यावर बरे वाटणारी ही तक्रार आहे, त्यांनी सर्वप्रथम ब्रेक ऑइल कधी बदलले होते हे शोधून काढावे. दर दोन वर्षांनी ते बदलावे आणि झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तिकेत जी प्रत लिहिली असेल तीच भरावी.

ऑइल बदलल्यावर मी निश्चिंत झालो असतो, पण मिस्त्रींनी गाडी परत देताना जे विचारले ते अधिक महत्त्वाचे होते. घाट कोणत्या गिअरात उतरता, असे त्यांनी विचारले आणि मी "डी मध्ये", म्हणजे गिअर आपोआप बदलणाऱ्या नेहमीच्या जागेत, असे उत्तर दिले. त्यावर त्यांनी फक्त मान हलवली. ऑइलमुळे पेडल खोल जात होते. ऑइल उकळेपर्यंत ब्रेक तापवीत मात्र मीच होतो.

मूळ कारण: डी मध्ये ठेवलेली गाडी उतारावर मोकळी सुटते

उतारावर गाडीचे वजनच तिला ओढत असते आणि त्या ओढीतून निर्माण होणारी ऊर्जा कुठेतरी जिरवावीच लागते. माणसे आणि सामान धरून सव्वादोन टनांची गाडी ५०० मीटर उंची उतरते तेव्हा सुमारे ११० लाख ज्यूल ऊर्जा मोकळी होते. एवढ्या उष्णतेत ३५ लिटर, म्हणजे आंघोळीच्या जवळपास दोन बादल्या, पाणी साध्या तापमानापासून उकळीपर्यंत आणता येईल. दहा मीटरला एक मीटर अशा उतारावर ताशी ३० किलोमीटरने उतरणाऱ्या या गाडीला सुमारे १८ किलोवॅट दराने ऊर्जा जिरवत राहावे लागते. घरातला गिझर २ किलोवॅटचा असतो असे धरले, तर एकाच वेळी नऊ गिझर चालू ठेवण्यासारखे हे आहे. यातला काही भाग टायर आणि हवा शोषून घेतात. उरलेली सारी ऊर्जा एक तर इंजिनाने अडवायची किंवा चार चाकांतील पॅड आणि डिस्क यांनी उष्णतेच्या रूपात सोसायची, असा हा हिशेब आहे, आणि माझ्या गाडीत इंजिन आपला वाटा जवळजवळ उचलतच नव्हते.

ते का उचलत नव्हते, हे समजून घेणे आवश्यक आहे, कारण हाताने गिअर बदलणाऱ्या गाड्यांवर शिकलेल्या चालकाला ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स डी मध्ये असताना मुख्यतः वेग आणि ॲक्सिलरेटरवरील पायाचा दाब यांवरून गिअर निवडते. उतार लागला की चालक साहजिकच ॲक्सिलरेटरवरून पाय काढतो. गिअरबॉक्सला त्याचा अर्थ "आता ओढ नको, इंधन वाचवा" असा लागतो आणि ती वरचा गिअर टाकते. वरच्या गिअरमध्ये इंजिन सावकाश फिरते आणि चाकांना अडवण्याची त्याची ताकद अगदी कमी होते. गाडी वेग घेते, वेग वाढला म्हणून गिअरबॉक्स आणखी वरचा गिअर टाकते, आणि चालकाचा पाय ब्रेकवरून उचलला जात नाही. त्यात टॉर्क कन्व्हर्टर असलेल्या गिअरबॉक्समध्ये इंजिन आणि चाके यांची जोडणी द्रवामार्फत होते, आणि ही जोडणी घट्ट करणारा तिच्यातील लॉक-अप क्लच सुटलेला असताना चाकांकडून इंजिनाकडे उलटा जोर पोहोचताना त्यातला काही वाटा घसरून जातो. काही नव्या गाड्या उतार ओळखून, ब्रेक दाबताच, आपोआप एक गिअर खाली आणतात. ही सोय चांगली आहे, पण सव्वादोन टनांच्या भरलेल्या गाडीला घाटाच्या तीव्र टप्प्यावर एवढे बहुधा पुरत नाही.

डिझेल गाडीच्या मालकांनी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. डिझेल इंजिनाचे कॉम्प्रेशन जास्त असल्याने ते गाडीला अधिक अडवते, असा सर्वत्र समज आहे. प्रत्यक्षात दाबलेली हवा प्रसरण पावताना पिस्टनला खाली ढकलते आणि कॉम्प्रेशनसाठी खर्ची पडलेला बराचसा जोर परत करते. पेट्रोल इंजिनात ॲक्सिलरेटर सोडताच थ्रॉटल, म्हणजे हवेची झडप, बंद होतो आणि इंजिनाला निर्वाताविरुद्ध हवा ओढावी लागते, त्यातून चांगली अडवणूक मिळते. साध्या डिझेल इंजिनात अशी बंद होणारी झडप या कामासाठी नसते. म्हणून डिझेल ऑटोमॅटिकमध्ये उतरताना अनेकदा आपल्याला वाटते त्याहून एक गिअर खाली जावे लागते.

उपाय: गिअर उतार सुरू होण्याआधी निवडावा

गिअर लिव्हर एम (मॅन्युअल) कडे सरकवून उणे-अधिक करण्याची सोय असेल तर ती वापरावी, स्टिअरिंगमागे पॅडल शिफ्टर असतील तर ते वापरावेत, आणि जुन्या धाटणीच्या गिअरबॉक्समध्ये २ आणि एल अशा जागा किंवा ओव्हरड्राइव्ह बंद करण्याचे बटण असेल तर त्यांचा उपयोग करावा. सीव्हीटी (ठरावीक गिअर नसलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) असलेल्या गाडीत एल किंवा एस ही जागा हेच काम करते. ही जागा आपल्या गाडीत कुठे आहे हे घरच्या अंगणात, गाडी उभी असताना, पाहून ठेवावे.

कोणता गिअर, हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो. आपल्याकडे "ज्या गिअरात चढलो त्याच गिअरात उतरायचे" असा जुना नियम आहे. कमी ताकदीच्या जुन्या ट्रक आणि बसगाड्यांसाठी तो अचूक होता, कारण त्या दुसऱ्या गिअरमध्ये कण्हत चढत आणि दुसऱ्याच गिअरमध्ये उतरत. आजचे टर्बो डिझेल इंजिन तोच घाट चौथ्या गिअरमध्ये सहज चढून जाते, आणि चौथ्या गिअरमध्ये ते उतारावर काहीच अडवत नाही. त्यामुळे हा नियम आता अपुरा आहे असे माझे स्पष्ट मत आहे. मी वेगळी कसोटी वापरतो: दोन्ही पेडलांवरून पाय काढल्यावर ज्या गिअरमध्ये गाडीचा वेग स्थिर राहतो किंवा फार सावकाश वाढतो, तो त्या उताराचा गिअर. माझ्या सहा गिअरच्या गाडीत चिखलदरा घाटाच्या तीव्र टप्प्यावर तो दुसरा येतो, सौम्य टप्प्यावर तिसरा.

गिअर उतार सुरू होण्याआधीच खाली आणावा, आणि यामागे ठोस कारण आहे. गाडीने एकदा वेग घेतला की उणे दाबूनही गिअर बदलत नाही. गिअरबॉक्स फक्त बीप करते किंवा आकडा लुकलुकवते, कारण त्या वेगाला खालचा गिअर टाकल्यास इंजिनाचे आरपीएम (मिनिटाला फेरे) मर्यादेबाहेर जातील. "मॅन्युअल मोड चालतच नाही" ही तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या बाबतीत हेच घडलेले असते. अशा वेळी आधी ब्रेक जोराने दाबून वेग उतरवावा आणि मग गिअर खाली घ्यावा. बऱ्याच गिअरबॉक्स मॅन्युअल मोडमध्येही आरपीएम लाल रेषेला भिडताच स्वतःहून वरचा गिअर टाकतात, म्हणून आकड्यावर नजर असू द्यावी.

दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनाचा आवाज वाढतो आणि सोबत बसलेली माणसे घाबरतात. माझ्या वडिलांनी तर "इंजिनाचे वाटोळे करशील" असे म्हणून मला डी मध्ये जायला लावले होते. डिझेल इंजिन २,५०० ते ३,५०० आरपीएमवर फिरणे हे त्याच्या नेहमीच्या कामाच्या कक्षेतलेच आहे. इंधनाचा अपव्यय होतो ही शंकाही निराधार आहे: पाय ॲक्सिलरेटरवरून काढलेला आणि गाडी गिअरमध्ये असताना आधुनिक इंजिन इंधनाचा पुरवठा बंद करते आणि चाकेच इंजिन फिरवतात. ज्यांच्या गाडीत तत्क्षणीचे मायलेज दाखवणारा पडदा आहे, त्यांनी घाटात त्याकडे पाहावे. आकडा शेवटच्या टोकाला जाऊन थांबलेला दिसेल.

एवढे करूनही ब्रेक लागतोच, वळणाआधी तर लागतोच. तो कसा दाबावा यावर बरेच अवलंबून आहे. पाय हलकासा टेकवून संपूर्ण उतारभर ब्रेक घासत ठेवणे टाळावे, कारण त्यात पॅड आणि डिस्क यांना थंड होण्याची उसंत मिळत नाही. वेग ४० वर गेला की ठामपणे दाबून तो ३० वर आणावा आणि पाय पूर्ण उचलावा. पुन्हा ४० झाला की पुन्हा. दर काही सेकंदांनी हे करावे लागत असेल तर गिअर अजून एक खाली हवा आहे, असे समजावे. घाटात क्रूझ कंट्रोल बंद ठेवावा.

न्यूट्रलमध्ये उतरण्याबद्दल एवढेच म्हणतो की त्यात वाचणारे काहीच नाही आणि गमावण्यासारखे सारे काही आहे. न्यूट्रलमध्ये इंजिनाला स्वतः फिरत राहण्यासाठी इंधन लागतेच, गिअरमध्ये ते शून्य असते. इंजिनच बंद केले तर दोन-तीन वेळा दाबल्यावर ब्रेकची बूस्टरची (पायाचा जोर वाढवणाऱ्या यंत्रणेची) मदत संपते आणि स्टिअरिंगही जड होते.

चारही चाकांची ओढ कुठे वापरावी

फोर बाय फोर टाकले म्हणजे उतरणे सुरक्षित झाले, हा आणखी एक घट्ट बसलेला समज. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत गरजेपुरती जोडली जाणारी फोर बाय फोर व्यवस्था असते आणि तीत पुढचा व मागचा शाफ्ट एकमेकांशी कडक जोडले जातात. वळणावर पुढची चाके मागच्या चाकांपेक्षा जास्त अंतर कापतात. कोरड्या डांबरावर चाकांना घसरून हा फरक भरून काढता येत नाही, म्हणून ताण गिअर आणि शाफ्टमध्ये साठतो, गाडी वळणात अडखळते आणि लिव्हर परत टू-हायवर (फक्त दोन चाकांना ओढ) येत नाही. कोरड्या डांबरी घाटात अशी गाडी टू-हायमध्ये आणि खालच्या गिअरमध्येच उतरवावी. कायमस्वरूपी चारही चाकांना ओढ देणाऱ्या, मध्ये डिफरेन्शियल (पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग) असलेल्या गाड्यांना ही अडचण नसते.

रस्ता निसरडा असेल तेव्हा मात्र फोर-हायचा (नेहमीच्या वेगात चारही चाकांना ओढ) खरा उपयोग आहे, आणि तो ओढीसाठी कमी, अडवण्यासाठी जास्त आहे. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत इंजिनाची सारी अडवणूक मागच्या दोन चाकांवर पडते. उतारावर गाडीचे वजन पुढे झुकलेले असते, मागची चाके हलकी झालेली असतात, आणि ओल्या मुरमावर अचानक गिअर खाली घेतला तर ती घसरून गाडीची शेपटी बाजूला येऊ शकते. फोर-हायमध्ये हीच अडवणूक चारही चाकांत वाटली जाते. पावसाळी चिखल सर्वांना दिसतो. मला अधिक फसवी वाटते ती फेब्रुवारी-मार्चमधली सागाची पानगळ. सातपुड्यातल्या कच्च्या वाटांवर सागाची ताटाएवढी वाळकी पाने थरावर थर साचतात आणि त्यांच्याखाली बारीक मुरूम असतो. वरून कोरडी दिसणारी ही वाट ब्रेक दाबताच चाकाखालून सरकते.

लो रेंजचे, म्हणजे अगदी कमी वेगासाठीच्या जास्तीच्या गिअरजोडीचे, महत्त्व मला वरूडच्या बाजूला एका नातेवाइकांच्या संत्र्याच्या बागेत समजले. बागेपर्यंत जायला नाल्यात उतरणारी मुरमाची वाट आहे, लांबी जेमतेम चाळीस मीटर, पण उतार असा की काठावरून बोनेटपलीकडे जमीन दिसतच नाही. पहिल्यांदा मी गाडी थांबवली, न्यूट्रल केली, फोर-लो (चारही चाकांना ओढ, लो रेंजमध्ये) टाकले आणि डी मध्येच खाली सोडली. लो रेंज असूनही गाडीने अर्ध्या वाटेत वेग घेतला, कारण डी मध्ये गिअरबॉक्स फोर-लोमध्येही पहिल्यावरून दुसरा, दुसऱ्यावरून तिसरा टाकतच राहते. दुसऱ्या वेळी फोर-लोसोबत लिव्हर एम कडे घेऊन पहिला गिअर कायम केला, काठावर क्षणभर थांबलो आणि ब्रेक हळूच सोडला. गाडी माणूस चालतो त्या वेगाने, इंजिनाच्या घरघरीवर, मुरमाचे खडे चाकाखाली एकेक करीत मोडत खाली आली आणि नाल्याच्या वाळूत आपोआप टेकली. पाय एकदाही ब्रेकवर ठेवावा लागला नाही. लो रेंजमध्ये चाकांचा वेग सुमारे अडीच पटींनी कमी होतो आणि इंजिनाची अडवणूक तेवढ्याच पटीने वाढते, याचा अर्थ मला तेव्हा तळपायाला कळला.

अशा वाटेवर जाण्याआधी उतरून पायी पाहून यावे. गाडी उताराला सरळ ठेवावी, तिरकी कधीही घेऊ नये, कारण तिरकी गाडी घसरण्यापेक्षा उलटण्याची भीती मोठी असते. मागचा भाग बाजूला सरकू लागला तर ब्रेक दाबण्याची ऊर्मी आवरावी आणि ॲक्सिलरेटरला किंचित स्पर्श करावा. पुढची चाके गाडीला ओढून पुन्हा सरळ करतात. चढता चढता गाडी थबकली तर जागेवर वळवण्याचा प्रयत्न करू नये, ब्रेक धरून आर (रिव्हर्स) टाकावा आणि फोर-लोमध्ये त्याच चाकोरीतून सरळ मागे यावे.

फोर-लो टाकल्यावर डॅशबोर्डवरील दिवा लुकलुकत राहिला तर ते पूर्ण लागलेले नाही, असे समजून काठावरून पुढे जाऊ नये. गाडी हातभर पुढे-मागे घेतली की दाते बसतात आणि दिवा स्थिर होतो.

हिल डिसेंट कंट्रोल घाटासाठी नाही

हे बटण १९९७ मध्ये लँड रोव्हरच्या फ्रीलँडर या गाडीत पहिल्यांदा आले. त्या गाडीत लो रेंज नव्हती, आणि ती उणीव भरून काढण्यासाठी एबीएसच्या (ब्रेक दाबताना चाके अडकू न देणाऱ्या) यंत्रणेकडून प्रत्येक चाकाचा ब्रेक स्वतंत्रपणे लावून-सोडून गाडी सावकाश उतरवण्याची युक्ती योजली गेली. म्हणजे ही यंत्रणा ब्रेकच वापरते. नाल्यात उतरणाऱ्या चाळीस मीटरच्या वाटेसाठी ती उत्तम आहे, पण कित्येक किलोमीटरच्या घाटात ती चालू ठेवणे म्हणजे पायाऐवजी यंत्राकडून ब्रेक तापवून घेणे होय. "दिवा लुकलुकतो आणि कंट्रोल बंद पडते" या तक्रारीमागे बहुधा तापलेले ब्रेक असतात किंवा ठरावीक मर्यादेपलीकडे गेलेला वेग असतो. चालू असताना येणारा कडकड आवाज आणि पेडलची थरथर हा बिघाड नाही.

तरीही पेडल आत गेले तर

पेडल पुन्हा पुन्हा, भराभर दाबावे. वाफेमुळे मऊ झालेल्या पेडलमध्ये दोन-चार दाबांनंतर थोडा जोर परत येऊ शकतो. त्याच वेळी गिअर एकेक करून खाली घ्यावा. हँडब्रेकचे बटण दाबून धरून लिव्हर क्रमाक्रमाने ओढावा, एकदम ओढल्यास मागची चाके अडकून गाडी फिरते. हँडब्रेक विजेवर चालणारा असेल तर त्याचे बटण ओढून धरून ठेवावे, बऱ्याच गाड्या त्यावर नियंत्रित रीतीने थांबतात. हॉर्न आणि धोक्याचे दिवे चालू ठेवावेत. धावत्या गाडीत पी (पार्किंग) टाकू नये, इंजिन बंद करू नये. काहीच जमले नाही तर दरीपेक्षा डोंगर बरा: डोंगराकडच्या नालीत किंवा दगडी कठड्याला गाडी लहान कोनात घासत थांबवावी.

थांबल्यावर तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नये, ती वाकते किंवा तडकते. पेडल पुन्हा टणक लागले म्हणून दोष गेला असे समजू नये; ऑइल बदलेपर्यंत तोच प्रसंग पुन्हा येणार हे मी तीन वेळा अनुभवले आहे.

उतारावर गाडी उभी करताना ब्रेक दाबून आधी एन (न्यूट्रल), मग हँडब्रेक, मग पाय किंचित सोडून भार हँडब्रेकवर येऊ द्यावा आणि शेवटी पी टाकावा. थेट पी टाकल्यास सारे वजन गिअरबॉक्समधील एका लहान खटक्यावर येते आणि निघताना मोठा "खट्ट" आवाज होतो. स्वतंत्र लिव्हरच्या फोर बाय फोर गाडीत ट्रान्सफर केस (ओढ पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारी पेटी) न्यूट्रलमध्ये राहिली असेल तर पी टाकूनही चाके मोकळीच राहतात, म्हणून हँडब्रेकशिवाय गाडीतून उतरू नये. चाकाला दगड लावला असेल तर निघताना तो रस्त्याबाहेर टाकावा; घाटात अंधारात असे दगड दुचाकीस्वारांच्या जिवावर उठतात.

गेल्या पावसाळ्यात चिखलदऱ्याहून परतताना धुके इतके होते की बोनेटपुढे दोन गाड्यांएवढेच दिसत होते. घाट लागण्याआधी थांबून दुसरा गिअर कायम केला आणि शेजारी बसलेल्या मुलाला माझे ब्रेक मोजायला सांगितले. वर चढणाऱ्या एसटीला दोनदा थांबून वाट दिली, कारण अरुंद घाटात चढणाऱ्या वाहनाचा हक्क पहिला असतो. पायथ्याशी मुलाने आकडा सांगितला, सव्वीस. परतवाड्यात चहाला थांबलो तेव्हा चारही चाकांजवळ तळहात धरून पाहिला. पुढच्या दोन्ही चाकांशी सारखीच ऊब होती, मागच्यांशी त्याहून कमी, आणि वास होता तो फक्त ओल्या मातीचा.